पोरगी पळते, तो फोटो घ्या की!

पोस्ट लांबली आहे. वेळ असेल तर चहा घेऊन बसा, नसेल तर सेव्ह करून ठेवा. पण अर्धी वाचून कमेंट टाकू नका, एवढीच विनंती.

गेल्या आठवड्यात एका पी.टी. सरांचा फोन आला. ओळखीचे आहेत. वीस वर्षांत याच कामासाठी त्यांचे पन्नासेक फोन तरी आले असतील. "साहेब, एक चांगली पोरगी हाताला लागलीय. शंभर आणि दोनशे पळते. विभागातून राज्याला सिलेक्ट झालीय. घरची परिस्थिती बेताची. एक बातमी लावा, चार लोक मदत करतील."

मी म्हटलं, येतो. फोटोग्राफर पोराला मागं बसवलं आणि निघालो. आपल्या सोलापूरचा पूर्व भाग. दहा बाय बाराची खोली, बाहेर नळाला रांग. वडील यंत्रमागावर, रात्रपाळी करून झोपलेले. आई दारात विड्या वळत बसलेली, मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता आणि तंबाखू. पोरगी आतून दोन मेडल घेऊन आली, लाजत उभी राहिली.

हेडिंग माझ्या डोक्यात आधीच तयार होतं. "हलाखीवर मात करत विडी कामगाराच्या लेकीची राज्य स्पर्धेत धडक." फोटोग्राफर पण तयारीचा. तो आईला म्हणाला, "मावशी, तुम्ही विड्या वळत राहा, ताई शेजारी मेडल धरून बसेल. असा फोटो चांगला येतो."

बाईंनी सूप बाजूला ठेवलं. हात पदराला पुसले. तेलुगू वळणाच्या मराठीत शांतपणे म्हणाल्या, "दादा, विडी वळताना फोटो नको. पोरगी पळते, तो फोटो घ्या की."

खरं सांगतो, कानाखाली बसल्यासारखं झालं.

कारण वीस वर्षं मी हाच फोटो छापत आलोय. पोरगी बदलते, घर बदलतं. सूप, शिलाई मशीन, भाजीचा गाडा, गळका पत्रा, यातलं काहीतरी मागं असतंच. आणि खाली शेवटची ओळ ठरलेली, "दानशूर व्यक्तींनी मदतीचा हात पुढे करावा." पळण्याबद्दल एक ओळ नाही. किती सेकंदात पळते? कुठल्या मातीवर पळते? स्टार्ट कसा आहे? शिकवतं कोण? काही नाही. फक्त गरिबी आणि जिद्द, आणि त्यानंतर वर्गणी.

त्या रात्री या 'वर्गणी' शब्दावरून मला एक नाव आठवलं. मेरी डिसूझा. लग्नानंतर मेरी डिसूझा सिक्वेरा.

आता प्रामाणिकपणे सांगा, किती जणांनी हे नाव ऐकलंय? माझ्या यादीत क्रीडाशिक्षक आहेत, पत्रकार आहेत, स्पर्धा परीक्षेची पोरं आहेत, नगरसेवक आहेत. हात वर करा. मला वाटतं फार हात वर होणार नाहीत. हा तुमचा दोष नाही, आम्ही सांगितलंच नाही तुम्हाला.

तर ऐका. मेरी डिसूझा मुंबईची, वांद्र्याची. जन्म १९३१ सालचा. १९५१ च्या मार्चमध्ये दिल्लीत पहिल्यावहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या. देश स्वतंत्र होऊन चार वर्षंही झाली नव्हती. त्या स्पर्धेत मेरी डिसूझांनी २०० मीटरमध्ये ब्राँझ घेतलं आणि ४ x १०० रिलेत संघाबरोबर रौप्य. याच स्पर्धेत १०० मीटरचं रौप्य रोशन मिस्त्री यांनी घेतलं. त्याही मुंबईच्याच. म्हणजे आशियात वेगानं पळणाऱ्या बायका शोधायला तेव्हा फार लांब जावं लागत नव्हतं, त्या आपल्याच राज्यात होत्या.

पुढच्याच वर्षी, १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिक. स्वतंत्र भारताच्या ऑलिंपिक पथकात पहिल्यांदाच मुली गेल्या. किती? चार. पोहण्यासाठी मुंबईच्या डॉली नझीर आणि कलकत्त्याच्या अकरा वर्षांच्या आरती साहा. धावायला सतरा वर्षांच्या नीलिमा घोष आणि एकविशीतल्या मेरी डिसूझा. मेरी १०० आणि २०० मीटर पळल्या.

आणि मेरी डिसूझांचं सिलेक्शन झालं तेव्हा सरकारकडे त्यांना पाठवायला पैसे नव्हते. मग काय झालं? जे आजही होतं तेच. मित्रमंडळी पुढं आली. वांद्र्यातल्या ओळखीपाळखीच्या लोकांनी नाचगाण्याचे, पत्त्यांच्या डावांचे कार्यक्रम ठेवून पैसे उभे करायला घेतले. देशाकडून ऑलिंपिकला पळायला निघालेली पोरगी, आणि तिच्या तिकिटासाठी गल्लीत कार्यक्रम!

याच हेलसिंकीची दुसरी गोष्ट तुम्हाला पाठ आहे. खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचे. त्यांच्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले, गावानं वर्गणी काढली. खाशाबांनी ब्राँझ आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मिरवणुकीनंतर त्याच खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावून खर्डेकर सरांचं घर सोडवलं.

ही गोष्ट आपण दर वर्षी सांगतो. भाषणात सांगतो, शाळेत सांगतो, डोळ्यांत पाणी आणून सांगतो. मला आता तिचा राग येतो. खाशाबांचा नाही, खर्डेकर सरांचा तर मुळीच नाही. राग येतो आपण ती गोष्ट ज्या सुरात सांगतो त्याचा. एका प्राचार्याला घर गहाण टाकावं लागलं ही लाजेची गोष्ट आहे, आणि आपण ती अभिमानाची करून टाकली. एकदा तिचा अभिमान वाटायला लागला की ती दुरुस्त करायची गरज कुणाला वाटत नाही. म्हणून तर सत्तर वर्षांनी मला पी.टी. सरांचा फोन येतो.

बरं, खाशाबांची गोष्ट निदान सांगितली तरी जाते. मेरी डिसूझांची का नाही? तर उत्तर असं येतं की, "ते ठीक आहे हो, पण तिनं ऑलिंपिकमध्ये जिंकलं काय?"

मी नाव काढलं तेव्हा आमच्या एका ग्रुपवर अगदी हेच वाक्य आलं. "पहिल्याच फेरीत बाद झाली ना ती?"

हो. झाल्या बाद. दोन्ही शर्यतींत. त्या वर्षी ही दोन्ही सुवर्णं ऑस्ट्रेलियाच्या मार्जोरी जॅक्सननं नेली, १०० मीटर ११.५ सेकंदांत. वर्गणीवर निघालेली आपली मुलगी अशा मैदानात उभी होती. ती फायनलला का गेली नाही असं विचारण्याआधी, ती तिथं पोचली कशी ते तरी विचारा.

आणि त्या तिथं थांबल्या नाहीत. त्या हॉकीही खेळायच्या, १९५३ साली इंग्लंडमधल्या स्पर्धेत भारताच्या हॉकी संघातून खेळल्या. १९५४ साली मनिलाच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींनी ४ x १०० मीटर रिलेचं सुवर्ण जिंकलं. चार नावं आहेत, चारही लिहून ठेवा: क्रिस्टीन ब्राऊन, स्टेफी डिसूझा, व्हायोलेट पीटर्स, मेरी डिसूझा. पहिल्या आशियाई स्पर्धेत ज्या संघाला रौप्य, त्याच देशाच्या मुलींना तीन वर्षांत सोनं. वैयक्तिक सुवर्णासाठी मात्र भारतीय महिलांना १९७० पर्यंत थांबावं लागलं, तेव्हा बँकॉकला कमलजीत संधूंनी ४०० मीटर जिंकली.

आता गंमत बघा. गंमत कसली, चीड येईल असा हिशेब आहे. स्वतंत्र भारतानं ऑलिंपिकला किती मुली पाठवल्या?

१९५२ : चार.
१९५६ : एक.
१९६० : शून्य.
१९६४ : एक. त्या म्हणजे मनिलाच्या रिलेतल्या स्टेफी डिसूझा, ४०० मीटरसाठी.
१९६८ : परत शून्य.

परत वाचा. चारवरून आठ व्हायला हव्या होत्या, सोळा व्हायला हव्या होत्या. आपण एकावर आलो, मग शून्यावर. मेरी डिसूझा आणि त्यांच्या सोबतच्या मुलींनी दार ढकलून उघडलं आणि मागून आपण ते परत ओढून घेतलं. "पहिल्या फेरीत बाद झाली" म्हणणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवावा. बाद कोण झालं? ती पळाली तरी. आपण पुढच्या मुलींना पळूच दिलं नाही.

आणि सन्मान? अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. मेरी डिसूझांची कारकीर्द त्याच्या आधीची. स्टेफी डिसूझांना १९६३ साली अर्जुन मिळाला, चांगलं झालं. मेरी डिसूझांना केंद्र सरकारनं क्रीडा क्षेत्रातला ध्यानचंद जीवनगौरव पुरस्कार दिला. कधी? २०१३ साली. हेलसिंकीनंतर एकसष्ट वर्षांनी. बाई ऐंशी ओलांडून गेल्या होत्या. खाशाबांना तर २००० सालचा अर्जुन मिळाला तो मरणोत्तर. १९८४ ला अपघातात गेले ते. म्हणजे एकाच ऑलिंपिकला गेलेली आपल्या राज्यातली दोन माणसं, दोघांची पाठवणी वर्गणीवर आणि दोघांची आठवण कित्येक दशकं उलटल्यावर.

इथं काही जण म्हणतील, "दादा, ते जुनं झालं. तेव्हा देश गरीब होता. आता दिवस बदललेत."

बदललेत, मान्य. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत ब्राँझ घेतलं. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक. राज्य सरकारनं एक कोटी जाहीर केले. आनंद आहे, मिळालेच पाहिजेत. पण माझा प्रश्न साधा आहे. पदकानंतरच्या कोटीचा निर्णय एका दिवसात होतो. पदकाच्या दहा वर्षं आधी लागणारे दहा हजार का निघत नाहीत?

ही पद्धत म्हणजे शेतकऱ्याला पेरणीला छदाम द्यायचा नाही, आणि पीक आलं की बांधावर जाऊन हार घालायचा. आणि पीक नाही आलं तर म्हणायचं, जमिनीतच दम नाही.

आता जरा पळण्याबद्दल बोलू, कारण आम्ही पत्रकार तेच लिहीत नाही.

शंभर मीटर म्हणजे गंमत नाही. मुली बारा-तेरा सेकंदांत पळतात आणि निकाल लागतो सेकंदाच्या शंभराव्या भागावर. १९८४ ला लॉस एंजेलिसला पी. टी. उषांचं ४०० मीटर हर्डल्सचं ब्राँझ गेलं ते एका शंभरांशानं. आता ही शर्यत आपल्या जिल्ह्यात कशी होते? चुन्याच्या रेघा, हातातलं स्टॉपवॉच. हातानं लावलेली वेळ मशीनच्या वेळेपेक्षा कमी येते, कारण डोळ्यानं धूर बघून बोटानं बटण दाबेपर्यंत शर्यत सुरू झालेली असते. १०० आणि २०० मीटरला हा फरक ०.२४ सेकंद धरतात. म्हणजे गावात १२.९ लागलेली पोरगी राज्याला जाते, मशीनवर १३.१ च्या वर येते आणि घाबरून जाते. तिला वाटतं मी हळू पळाले. ती हळू पळालेली नसते, आपण तिला खरी वेळ कधी सांगितलेलीच नसते.

दुसरं, माती. ऑलिंपिकमध्ये १९६८ पासून सिंथेटिक ट्रॅक आहे. त्याला पन्नास वर्षं उलटून गेली. ज्या पोरीचा सगळा सराव मातीवर, तिला राज्य स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा सिंथेटिकवर उभं करायचं. माती पाय खाते, सिंथेटिक पाय फेकतं. स्पाईकचे खिळे वेगळे, मातीला लांब आणि ट्रॅकला आखूड. स्टार्टिंग ब्लॉकवर कंबर किती उचलायची, पहिली पाच-सहा पावलं कशी टाकायची, हे हजार वेळा केल्याशिवाय अंगात बसत नाही. आपल्याकडं ब्लॉक असतो तो कुठल्या तरी खोलीत कुलपात, "पोरं मोडतील" म्हणून.

मी त्या मुलीला विचारलं, ब्लॉकवरून किती वेळा सुटलीस? म्हणाली, "सर, स्पर्धेतच." मग म्हणाली, "भिंतीला पाय लावून प्रॅक्टिस करते." भिंतीला पाय लावून! आणि विभागात नंबर काढलाय पोरीनं.

ती पहाटे पाचला पळते. का, तर साडेसहानंतर मैदानावर टेनिस बॉल क्रिकेटवाले येतात आणि आपल्याकडं मार्चपासून आठच्या पुढं ऊन टिकू देत नाही. पहाटे अंधार. अंधारात एकटी कशी पाठवायची, म्हणून आई बरोबर येते. ती कडेला बसून असते. म्हणजे या घरात पोरीच्या पळण्याची किंमत आईच्या दीड तासाच्या विड्या आहे, रोजची. वर्गणीच्या कुठल्याच पावतीवर हा आकडा येत नाही. मैदानावर दोन दिवे आणि एक वॉचमन असता तर हा खर्च वाचला असता. मैदानाचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एका मैदानाचा नाही. तुमच्या गावातलं मैदान डोळ्यांसमोर आणा, तेच समजा.

आणि कपडे बदलायची जागा, संडास, पाणी? याबद्दल बोललं की लोक म्हणतात, हे काय बायकी रडगाणं. अहो, पंधरा वर्षांची पोरगी महिन्यातले चार-पाच दिवस मैदानावर येत नाही, कारण तिथं जायला जागा नाही. वर्षाचे पन्नास दिवस गेले तिचे. पुरुष खेळाडूचे पन्नास दिवस कापा आणि मग सांगा, जिद्द कमी पडली म्हणून.

आता आमच्या जातभाईंकडं येतो, म्हणजे पत्रकारांकडं. मी स्वतः पहिला.

आम्ही या मुलींच्या बातम्या लावतो तेव्हा वाटतं, पुण्य केलं. मदत मिळते, नाही असं नाही. कुणी बूट देतं, कुणी पाच हजार देतं, सत्कार होतो, शाल मिळते. माझ्या बातमीमुळं आजवर ज्या मुलींना मदत मिळाली त्यांची यादी मी त्या रात्री आठवायला बसलो. सोळा-सतरा नावं आठवली. मग विचार केला, यातल्या आज किती पळतात? एकही नाही. बहुतेकींची लग्नं झाली. दोघी पोलिसात आहेत, त्यांचा अभिमान आहे. एक मला भाजी मंडईत भेटली होती, कडेवर लेकरू. ओळख दिली नाही तिनं. की मी दिली नाही, आठवत नाही.

मी कुणाच्याच मागं परत गेलो नाही. बातमी लागली, मदत झाली, विषय संपला. दुसऱ्या वर्षी दुसरी पोरगी. वर्गणी एकदाच निघते, पळणं मात्र आठ-दहा वर्षं रोज करावं लागतं. वर्गणीवर एक स्पर्धा होते, कारकीर्द होत नाही. मेरी डिसूझा १९५१ पासून पुढची काही वर्षं आंतरराष्ट्रीय मैदानात टिकल्या ते वर्गणीमुळं नव्हे, वर्गणी असूनही. हा फरक लक्षात घ्या.

आणि आमच्या त्या गरिबीच्या बातमीनं अजून एक नुकसान होतं. सगळ्यांना वाटायला लागतं की खेळाडू गरिबीतूनच घडतो. एका सत्कारात एका पाहुण्यानं भाषणात सांगितलं, "सोयी मिळाल्या की खेळाडू आळशी होतात, भूक असली पाहिजे." टाळ्या पडल्या. मीही खाली बसून नोंद घेत होतो. आज वाटतं, तिथंच उठून विचारायला हवं होतं, साहेब, तुमच्या नातवाला क्लास लावताना हा नियम का लावला नाही?

शेजारच्या माण तालुक्याचं उदाहरण घ्या. मोहीच्या ललिता बाबर. दुष्काळी मुलूख, आपल्या माळशिरसला लागून. त्या काही स्प्रिंटर नव्हेत, लांब पल्ल्याच्या. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या फायनलला गेल्या आणि दहाव्या आल्या. उषांनंतर बत्तीस वर्षांनी ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिंपिक फायनल गाठणारी भारतीय महिला. लोक सांगतात, "बघा, दुष्काळातून आली." हो, आली. पण दुष्काळातून हजारो मुली येतात. फायनलला ती गेली कारण पुढं तिला नोकरीचा आधार मिळाला, राष्ट्रीय शिबिर मिळालं, प्रशिक्षक मिळाले, रोज ट्रॅक मिळाला. दुष्काळानं फायनल गाठून दिली नाही. ज्या गोष्टींनी गाठून दिली त्या आम्ही बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात टाकतो, आणि जागा कमी पडली की तोच परिच्छेद कापतो.

काही जण विचारतील, मग वर्गणी देऊ नये का? तसं नाही. पोरीची गाडी परवा असेल तर आज खिशात हात घालायलाच पाहिजे. मी घातला, तुम्हीही घाला. पण देताना फोटो काढू नका, आणि दिल्यावर गप्प बसू नका. पाचशे रुपये देणाऱ्या माणसाला एक प्रश्न विचारायचा हक्क मिळतो, तो वापरा. हे पैसे मी का देतोय? हे बजेटमध्ये का नाहीत?

"पैसे नाहीत" हे उत्तर तयार असतं. ऐकून घेऊ नका. आपल्या गावात पैसे नाहीत असं कुणाला वाटत असेल तर त्यानं कुठल्याही पुढाऱ्याच्या वाढदिवसाला चौकात उभं राहून फ्लेक्स मोजावेत. त्या फ्लेक्सच्या पैशात किती ब्लॉक येतील, किती स्पाईक येतील, किती रिझर्व्हेशनं होतील याचा हिशेब आठवीतली पोरं करून देतील.

मी क्रिकेटच्या विरोधात नाही. माझं पोरगं खेळतं, मीही रात्री जागून बघतो. सिंथेटिक ट्रॅक उद्याच्या उद्या टाका अशी मागणीही करत नाही, कारण टाकला की त्याचं पाच वर्षांनी काय होतं तेही बघितलंय. मागण्या चारच आहेत आणि चारही स्वस्त आहेत.

एक. विभाग, राज्य, राष्ट्रीय स्पर्धेला सिलेक्ट झालेल्या मुलामुलींचा प्रवास, राहणं, जेवण याचे पैसे जायच्या आधी मिळाले पाहिजेत. बिलं जोडा, मग बघू, हे चालणार नाही. ज्याच्या घरात आगाऊ द्यायला पैसे आहेत त्याला या पैशांची गरजच नसते.

दोन. पालिकेचं असो, जिल्हा परिषदेचं असो की संस्थेचं, प्रत्येक मैदानावर पहाटे पाच ते सात धावणाऱ्यांसाठी राखीव. दिवे चालू, वॉचमन हजर, मुलींसाठी संडास उघडा. संडासाला कुलूप लावून किल्ली साहेबांकडं, हा प्रकार बंद.

तीन. ब्लॉक कुलपातून बाहेर काढा. मोडले तर मोडू द्या. वापरून मोडलेला ब्लॉक हा चांगल्या मैदानाचा पुरावा आहे. आणि वर्षातून दोनदा तरी या पोरांना गाडीत घालून जवळच्या सिंथेटिक ट्रॅकवर न्या, मशीनवर खरी वेळ लावून द्या.

चार. प्रत्येक शाळेत आणि मैदानावर एक बोर्ड लावा. त्यावर नेत्यांची नावं नकोत. तिथं पळालेल्या मुलींची नावं, साल आणि वेळ. सगळ्यात वर मेरी डिसूझा, रोशन मिस्त्री, स्टेफी डिसूझा यांची नावं टाका. पोरींना कळू दे की आपल्या आधी कुणीतरी पळालं होतं. आज प्रत्येक पोरीला वाटतं, आपणच पहिली. सत्तर वर्षं झाली तरी प्रत्येक पोरगी पहिलीच असते, ही काही कौतुकाची गोष्ट नाही.

शेवटी त्या मुलीचं काय झालं, ते विचाराल.

पैसे जमले. कसे जमले ते लिहीत नाही, देणाऱ्यांनीच नको म्हणून सांगितलंय. आणि बातमी लागली. पण फोटो वेगळा लागला. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी आणि फोटोग्राफर मैदानावर गेलो. अंधार होता. त्यानं बाईकचा हेडलाईट चालू ठेवला. पोरगी त्या उजेडाच्या पट्ट्यातून पळत आली. दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले, तोंड घट्ट मिटलेलं, नजर थेट पुढं. वीस वर्षांत मी असा फोटो छापला नव्हता. बातमीत तिची वेळ लिहिली, हातानं लावलेली असं स्पष्ट लिहून. ती भिंतीला पाय लावून स्टार्टची प्रॅक्टिस करते हे लिहिलं. मैदानावर दिवा नाही हे लिहिलं. "दानशूर" हा शब्द लिहिला नाही.

दुपारी तिच्या आईचा फोन आला. म्हणाल्या, "दादा, पेपर कापून ठेवला. शेजारणी विचारतात, ही तुमचीच का? ओळखूच येईना म्हणतात."

ओळखू कशी येणार? आजवर आम्ही तिला पळताना दाखवलंच कुठं होतं?

ज्यांना पटलं त्यांनी शेअर करा. ज्यांना पटलं नाही त्यांनी कमेंटमध्ये भांडा, मी रात्री दहानंतर मोकळा आहे. पण दोघांनीही एक काम करा. उद्या पहाटे पाचला आपापल्या गावातल्या मैदानावर जाऊन या. बघा दिवा लागतो का, आणि कडेला अंधारात कुणाची आई बसलीय का.